भुवई

वनखात्याची पाटी: आठ फूट बाय चार,
वाळपईच्या नाक्यापाशी उभी करायची,
मथळा लाल रंगात, "शिकारी पक्षी".
आजवर मी रंगवलं होतं
सोड्याच्या बाटलीवरचं लिंबू,
काजूच्या भट्टीचं नाव,
हात जोडलेले तीन उमेदवार.
पक्षी पहिल्यांदाच.

यादी साहेबांची, उतरत्या मानाने.
सगळ्यात वर समुद्रगरुड,
मांडवी खारी होते तिथला.
मग मोरघार, तुरा उभा.
सर्पगरुड, ज्याची शीळ चोर्ल्याच्या घाटात
दरी भरून राहते.
बहिरी ससाणा. शिक्रा, अंगाने लहान, हुद्द्याने नाही.
घार, मासळीबाजाराची.
आणि खाली कोपऱ्यात,
जिथे खात्याचा फोन नंबर यायचा होता,
मधुबाज.

त्यालाही मी तेच दिलं जे सगळ्यांना दिलं:
आकडेबाज चोच,
डोळ्यावर तिरकी काळी भुवई,
एकाच फटकाऱ्यात.
राग काढणं सोपं असतं.
उमेदवारांच्या हसण्याला दोन दिवस लागले होते.

दुपारी सोयरू गावस सावलीला आला,
चरावण्याची बस दीडला.
उजव्या कानामागे त्याच्या सुपारीएवढी गाठ,
आग्या मोहोळाची, तरुणपणातली.
"हो कोण?"
मी नाव सांगितलं.
तो वाकला, ओल्या रंगाजवळ बोट नेलं,
टेकवलं मात्र नाही.
"हाका राग येना मरे."

मग सांगत बसला.
घोटिंगाचं झाड, शिगम्याच्या आधीचे दिवस,
खाली मेहुणा धूर धरून,
हा अर्ध्या खोडावर,
आणि वर, फांदीला, हा आधीच आलेला.
तोंडावर माश्या अशा
की डोळा दिसेना.
पण चेहऱ्यावरची पिसंच खवल्यांसारखी, दाट,
नांगी लागायची कुठे?
पोळं उकरत होता कोंबडी उकिरडा उकरते तसा,
घाई नाही, झडप नाही.
मधाकडे फार लक्ष नव्हतं.
घरातली पांढरी पोरं तेवढी
एकेक करून वेचत होता.

"पळून जाऊ न शकणाऱ्याला खातो,
म्हणून शिकारी नव्हे म्हणशील?"
मी काहीच म्हटलं नव्हतं.
"आणि कपडे बघ त्याचे. मोरघारीचे.
आमच्या शेजारचा पोलिसाचा जुना शर्ट घालून
काजू राखतो, तसला."
हसला. मग हसणं थांबवून म्हणाला,
"मी उतरलो त्या दिवशी. रिकाम्या हाताने.
मेहुणा अजून म्हणतो, घाबरलास.
वर बघितलं होतं कोणी?"

बस आली. तो गेला.

मी टर्पेंटाईनचा बोळा घेतला
आणि भुवई पुसली.
डोकं एकदम लहान झालं,
कबुतराचं म्हणावं इतकं,
मान लांब, नजर कुठेच न लागलेली.
पायांची नखंही कमी वाकडी केली.
बाकीचे सहा जण वरून त्याच्याकडे बघत होते
कचेरीत नवीन शिपाई आला की बघतात तसे.

साहेब आले, पाटीपुढे उभे राहिले.
मला वाटलं आता विचारतील.
म्हणाले, नंबर जरा मोठा कर,
जीपमधून वाचता यायला हवा.
मी मोठा केला.
शेवटच्या आकड्याला जागा पुरेना,
तो शेपटीवर गेला.

याला दोन पावसाळे झाले.
उन्हाने वरचा पिवळट रंग उडाला
आणि खालची भुवई
हळूहळू परत वर आली,
पुसट, पण तीच, तिरकी.

परवा नाक्यावर बस थांबली तेव्हा पाहिलं.
खिडकीशी सोयरू होता.
त्याने पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे,
आणि आपल्या कपाळावर, डोळ्याच्या वर,
बोटाने एक रेघ पुसल्यासारखी केली.

पिशवीत ब्रश होता.
पिवळा नव्हता.